एकाही माणसाला कळलं नाही

मी या भुताखेतांच्या अनुभवांच्या ग्रुपवर बरीच वर्षं आहे, पण आजवर एक अक्षर लिहिलं नाही. खरं सांगू? हसायला वाचत होते. कुणाला पिंपळाखाली मेलेली आत्या दिसली की स्क्रीनशॉट काढून मैत्रिणींना पाठवायचा, हा माझा उद्योग. तेव्हा आता माझ्यावर हसायचं तर खुशाल हसा.

मी चिपळूणजवळच्या अलोऱ्याची. वीज प्रकल्पाच्या कॉलनीपासून जवळच आमचं घर. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्रकल्पाच्या ऑफिसात क्लार्क होते. आई गेल्यावर मी पुण्याची खोली सोडली आणि घरूनच काम करायला लागले. कुंपणापलीकडे सुमनकाकू. ना नात्यातल्या, ना भावकीतल्या, पण आमच्या घरात मीठ कुठे ठेवलंय ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत.

माझं काम असं — आमच्या कंपनीचं औषधं मागवायचं ॲप आहे. ते दोन ठिकाणच्या सर्व्हरवर चालतं. एक पडलं तर माणसं आपोआप दुसरीकडे वळावीत, असा कोड मी लिहिते. अण्णांना सगळं समजून घ्यायची भारी हौस. एकदा झोपाळ्यावर बसून त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे आपल्याकडे सुतक आलं की देवाचा दिवा शेजारी लावतात, तसं."

"अगदी तसंच, अण्णा!"

"पण चिमे, पहिला पडला हे कळून दुसरा उभा राहीपर्यंत जो माणूस येईल, त्यानं काय करायचं गो?"

"त्याला एरर येतो. परत ये म्हणायचं."

"छे! हे काही बरोबर नाही."

ते का चिडले ते मला माहीत होतं. आई गेली त्या गडबडीत शेजारी सांगायचं राहून गेलं आणि त्या संध्याकाळी देव अंधारात राहिले. अण्णांना जन्मभराची ती एक खंत. मग मी दुसरी पद्धत सांगितली. सर्व्हर ठरवून बंद करायचा असेल तर आधी दुसऱ्याला तयार ठेवायचं, थोडी थोडी माणसं तिकडे पाठवायची, सगळी गेली की मग पहिला बंद. कुणाला पत्ताही लागत नाही.

"हां! हे सभ्य काम झालं," अण्णा म्हणाले. "जायचं तर सांगून जावं."

पुढे पावसाळा सरता सरता अण्णांच्या छातीत दुखलं. चिपळूणला ॲडमिट केलं. घराला कुलूप लावून मी त्यांच्याजवळच राहिले; रोज संध्याकाळी तेवढी देवाला दिवा लावायला घरी येऊन जायचे. तब्येत सुधारत होती, डॉक्टर घरी सोडायचं बोलत होते. त्या दुपारी नेमका आमचा एक सर्व्हर ठरवून बंद करायचा होता. कॉटजवळच्या स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसले.

"आज काय?" अण्णांनी विचारलं.

"पहिला बंद करून सगळं दुसऱ्यावर."

"सांगून ना?"

"हो हो, सांगून!"

हसले. मग डोळे मिटून पडले. कोड चालू होता... स्क्रीनवर पहिल्या सर्व्हरची रेघ खाली येत होती, दुसऱ्याची वर चढत होती. मान वर केली की अण्णा समोर, अंगावर चादर, हाताला सलाईन. हे मी शपथेवर सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. काम संपलं तेव्हा मी म्हटलं, "झालं अण्णा. एकाही माणसाला कळलं नाही."

"वा," म्हणाले. तो त्यांचा शेवटचा शब्द. मी चहा आणायला खाली गेले, वर आले तर नर्स धावत होत्या.

काकूंना फोन केला. नुसतं "अण्णा गेले" एवढंच बोलता आलं. पलीकडून फोन कट.

अण्णांना घेऊन घरी आले तर दार उघडं, अंगणात माणसं जमलेली. देवघरात निरांजन तेवत होतं, देवांवर ताजी जास्वंद. मला वाटलं, फोन आल्यावर काकूंनी केलं असेल. मग एकदम लक्षात आलं... कुलूप! एक किल्ली माझ्या पर्समध्ये, दुसरी अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात. तो सदरा सकाळपासून कॉटजवळच्या खुंटीला होता. हॉस्पिटलच्या पिशवीतून तो काढून खिसा चाचपला. रिकामा.

काकूंनी मला मागच्या पडवीत नेलं. मुठीतली किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"दुपारी आलेवते गो कुंपणापाशी. नेहमीचा सदरा. मी म्हटलं, कधी सोडलं हॉस्पिटलातनं? त्यांनी नुसती किल्ली दिली नि म्हणाले, आजपासून दिवा तुम्ही बघा, आमच्याकडे आता काही दिवस व्हायचं नाही. मला वाटलं, भावकीत कोणी गेलं असेल. मी लगेच जाऊन लावला. मग तुझा फोन आला..."

"काकू, दुपारी ते माझ्यासमोर झोपलेले होते."

"मी कशाला खोटं बोलू बाय? जाताना म्हणाले, चिमीला एवढ्यात सांगू नका, तिचं काम चाललंय."

मी तिथेच खाली बसले आणि ओरडून रडले.

सुतक फिटेपर्यंत दिवा काकूंनीच सांभाळला, एक वेळही चुकला नाही. आता मी लावते. काकूंना भास झाला म्हणावं तर किल्लीचं काय? मी झोपले होते म्हणावं तर कोड कुणी चालवला? बिघाड कुठे आहे ते शोधून काढायचं, हाच माझा धंदा आहे. इथे काही सापडत नाही.

मागच्या आठवड्यात परत एक सर्व्हर असाच बदलला. टीममधल्या मुलीनं ग्रुपवर टाकलं, "मस्त! कुणाला कळलंसुद्धा नाही." सगळ्यांनी अंगठे दिले. मी लॅपटॉप मिटला आणि देवघरासमोर जाऊन बसले.

सगळी सोय लावून गेलात अण्णा, देव अंधारात राहिले नाहीत. पण मला कळलेलं चाललं असतं हो. मी चहाला गेले नसते.