न्हाणीच्या कुडावरचा कॅमेरा

जंगल पाहायला येणाऱ्यांना आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात दोन गोष्टी हव्या असतात. वाघ आणि गरिबी. वाघ दिसेलच याची खात्री कुणी देत नाही. गरिबी मात्र आगाऊ बुक करता येते. सारवलेल्या भिंती, बाजेवर गोधडी, चुलीवरची भाकर आणि भिंतीवर वारली चित्रं. वारली आमच्या मुलखातले नव्हेत, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचे. पण नागपूरहून येऊन गावात जमीन घेणाऱ्या होमस्टेवाल्याला आदिवासी म्हटलं की एवढंच एक चित्र माहीत असतं, आणि त्याच्या पाहुण्यांना तेवढंही नसतं.

अशाच एका होमस्टेत आमच्या संघटनेनं दोन दिवसांचं शिबिर ठेवलं. मी चंद्रपूरच्या महिला संघटनेत काम करते. पत्रकं लिहायची, वाटायची, आणि ज्यांनी वाचली नाहीत त्यांना तोंडी ऐकवायची, हे माझं काम. शिबिर होतं मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या गडचिरोलीकडच्या बायांचं. एरवी आम्ही शाळेत किंवा समाजमंदिरात ताडपत्री अंथरून झोपतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. यंदा मदत देणाऱ्या पुण्याच्या मंडळींना कार्यक्रम 'जंगलाच्या सान्निध्यात' हवा होता. मंडळी शेवटी आलीच नाहीत. सान्निध्य आमच्या वाट्याला आलं.

त्या घराची शान म्हणजे न्हाणी. बांबूच्या कुडाच्या चार भिंती, खाली फरशी, तांब्याचा हंडा, आणि वर छतच नाही. मालकानं आम्हाला ती कौतुकानं दाखवली. "ओपन टू स्काय. पाहुणे वेडे होतात याच्यासाठी," तो म्हणाला. आमच्या राजुऱ्याच्या घरी मी हायस्कुलात जाईस्तोवर न्हाणीला छत नव्हतं. आईनं वडिलांशी भांडभांड भांडून वर टिनाचा पत्रा टाकून घेतला, तेव्हा कुठं आमच्या घरच्या बाया सरळ उभ्या राहून आंघोळ करायला लागल्या. जे घालवायला माझ्या आईला इतकी वर्षं लागली, ते हा माणूस चैन म्हणून विकत होता. मी तेव्हा बोलले नाही. शिबिराचं पहिलं सत्र माझं होतं आणि घसा वाचवायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओसरीवर पोहे खात बसलो होतो. धानोऱ्याकडची एक बाई, आमच्या मोहफुलाच्या गटाची प्रमुख, आंघोळ करून ओल्या केसांनी येऊन बसली. बोलणं कमी, पण जे बोलेल ते सगळ्यांना ऐकू जाईल असं. बशी हातात घेत तिनं सहज विचारलं, "तुमच्या इकडे वाघ न्हाणीपर्यंत येते का वं?"

"कायले?" एकीनं विचारलं.

"न्हाणीच्या मागच्या झाडाले सरकारी डबा बांधून आहे. वाघ मोजाचा."

मी बशी खाली ठेवली.

हे बाहेरच्यांना समजायचं नाही म्हणून सांगते. आमच्या दोन्ही जिल्ह्यांच्या जंगलात वाघ मोजण्यासाठी वनखातं झाडांना कॅमेरे बांधतं. हिरवट मातकट रंगाचा डबा, पट्ट्यानं आवळलेला. समोरून उबदार अंगाचं काहीही गेलं की तो आपोआप फोटो काढतो. त्याला वाघ आणि मोह वेचायला निघालेली बाई यांतला फरक कळत नाही. आणि या डब्याला हात लावायचा नाही, तोंड फिरवायचं नाही, कापड टाकायचं नाही, नाहीतर गुन्हा दाखल होईल, हे गावागावात इतकं बजावलेलं असतं की बाया डबा दिसला की वाट सोडतात, डब्याला जागा सोडायला लावत नाहीत. शौचाला बसायची जागा बदलतात. नाल्यावर लुगडं अंगावरच ठेवून आंघोळ उरकतात. साहेबलोक म्हणतात, माणसांचे फोटो आम्ही पुसून टाकतो. पुसायच्या आधी कोण कोण पाहतं, हे साहेबलोक सांगत नाहीत.

तेव्हा या बाईनं न्हाणीत डबा पाहिला आणि शहाण्या गावकऱ्यानं करावं तेच केलं. हात लावला नाही. लुगडं अंगावर ठेवून पाणी घेतलं. पण कपडे तर बदलावे लागतातच ना. ते तिनं पाठ करून बदलले.

आम्ही सगळ्या न्हाणीमागे गेलो. मोहाच्या झाडाला, कुडाच्या वर हातभर उंचीवर डबा आवळलेला होता, आणि त्याचं तोंड खाली, थेट फरशीकडे. आमच्यात आरमोरीची एक वयस्क बाई होती, धानाची शेती करणारी, जिभेवर तलवार ठेवलेली. तिनं मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "वाघ काय शिडी लावून येते का इथी?"

कुणीतरी हसलं. धानोऱ्याची हसली नाही. डबा सरकारी नव्हता, हे तिला तेव्हा समजलं. तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला. अंगावर कपडे पुरे होते, तरी.

मालकाला बोलावलं. तो टी-शर्टात आला, छातीवर वाघाचं तोंड.

"काही नाही हो ताई, बिबट्या येतो कधी कधी. पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी लावलाय."

"बिबट्या आंघोळीले येते?" आरमोरीच्या बाईनं विचारलं.

"मावशी, तुम्ही टेन्शन घेऊ नका. बॅटरीच संपलीये त्याची. बंद आहे."

मावशीनं नुसता हात वर करून डब्यासमोर हलवला. डब्यात लाल ठिपका लुकलुकला आणि विझला.

"बंद आहे म्हणे. डोळा मारून राह्यला तुहा डबा माह्यावर, या वयात!"

मालकाचा चेहरा पडला, पण जीभ पडली नाही. अशा माणसांची जीभ शेवटी पडते. तो म्हणाला की इथं मोठमोठे लोक उतरतात, डॉक्टर, वकील, अधिकारी, आजवर कुणी तक्रार केली नाही. जणू तक्रार न होणं हा त्याच्या सज्जनपणाचा दाखला. चोरून काढलेल्या फोटोबद्दल माणूस तक्रार करील कसा? मग तो म्हणाला की तुम्ही समाजकार्य करणारी माणसं, समजून घ्या, पुढच्या शिबिराला खोल्या फुकट देतो. आणि हे बोलता बोलता स्टूल ओढून वर चढला, डबा उघडला, आतलं कार्ड काढलं आणि खिशात घातलं.

धानोऱ्याची पुढे आली. "थे दे."

"डिलीट करतो मी. तुमच्यासमोर करतो."

"तू नोको करू. मले दे."

"बाई, त्याच्यात माझं दुसरं पण काही आहे."

"तेच तं म्हणून राह्यली मी."

तो आत निघून गेला आणि दार लावून घेतलं.

दुपारी आमच्या खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. आम्ही केल्या नाहीत. सामान बांधलं, अंगणात ठेवलं आणि त्यावर बसलो, सगळ्या. त्याच्या झोपाळ्यावर दोघी, बाजेवर चौघी, फाटकाशी मावशी. घोषणा देऊ या, असं मी म्हणाले. मावशी म्हणाली, "तू गप राह्य वं पोट्टे. घोषणेनं हे लोक भीत नाई. गिऱ्हाइकाले भितेत."

थोड्या वेळात नागपूरची गाडी आली. नवरा, बायको, सासू, गॉगल, टोप्या. मावशीनं फाटक स्वतः उघडलं. पाहुण्यांचं स्वागत आमच्याकडे असंच करतात.

"या बाई, या. थकल्या असान. आंघोळ करा, मस्त न्हाणी आहे. फक्त वर पाहून करा."

"वर? म्हणजे?"

मावशीनं बोट दाखवलं. तेवढंच. बाकीचं त्या बाईला समजायला आमच्या पत्रकाची गरज पडली नाही. ती गाडीतून उतरली होती, पुन्हा जाऊन बसली. नवरा मालकाशी पैसे परत करण्यावरून भांडत बसला. बायकोवर काय ओढवणार होतं याच्यापेक्षा त्याला बुकिंग वाया गेल्याचं जास्त लागलं असावं. पण भांडला, आणि मोठ्यानं भांडला, हेही आमच्या कामी आलं. गाडी वळून गेली, आणि मालकानं बाहेर येऊन कार्ड धानोऱ्याच्या हातावर ठेवलं. नखाएवढं काळं कार्ड. तिनं मूठ मिटली.

तिला ते पाट्यावर ठेवून वरवंट्यानं चेचायचं होतं. मालकाच्या स्वयंपाकघरात पाटा होता, पाहुण्यांना दाखवायला ठेवलेला. ती आत निघाली.

मी आडवी गेले. "ताई, हा पुरावा आहे. हा फुटला तर त्याच्यावर गुन्हा कसा लागेल?"

"पुरावा म्हणजे मीच ना त्याच्यात?"

"हो, पण..."

"मंग मले इचार. तू तं सांगून राह्यली."

मी ज्या वाक्यांवर वाढले ती सगळी माझ्याजवळ तयार होती. अन्याय सहन करणारा, आवाज उठवा, वगैरे. तिच्या मिटल्या मुठीसमोर ती सगळी कागदाचीच वाटली. तिच्या गावात नेटवर्क टेकडीवर चढल्याशिवाय येत नाही, पण असला फोटो तिथं टेकडी न चढता पोचतो. नवरा आहे, सासरा आहे, गट आहे, ग्रामसभेत तिचा शब्द आहे. एका फोटोनं हे सगळं जाऊ शकत होतं, आणि मी तिला कलम समजावत होते.

ती पाट्याजवळ गेली, वरवंट्याला हात लावला आणि परत काढला. मग म्हणाली, "याच्यात मी एकटी असती तं आता फोडली असती. पण बाकीच्या बाया असतीन. त्याइले तं मालूमच नाई. माह्या हातानं त्याइचं कसं फोडू?" आणि बाहेर निघत, "चाल. पण मी नसताना कोणी पाहाचं नाई."

ठाण्यात साहेब चहा पीत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि ठेवणीतला प्रश्न विचारला. "व्हायरल झालंय का कुठे?"

"नाही."

"मग?"

या 'मग'साठी मला एक वेगळं पत्रक लिहायचं आहे. घरात चोर शिरला तर साहेब विचारतात का, की दागिने कुणी घालून मिरवले का? बाईला तिच्या नकळत अशा अवस्थेत टिपणं हाच गुन्हा आहे. तिची गावभर शोभा होईस्तोवर कायदा वाट पाहत नाही. वाट पाहतात ती माणसं. खोली भाड्यानं घेतली की तेवढा वेळ ती खोली पाहुण्याचं घर असतं, मालक भिंतीचा मालक असतो, भिंतीआडच्या अंगाचा नाही. हे मी मोठ्यानं म्हणाले. साहेबांनी कप खाली ठेवला.

"बरं, आणा ते कार्ड. बघू तरी काय आहे."

आणि शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे हात केला. तिथं तीन हवालदार आधीच खुर्च्या सरकवून मोकळे झाले होते. कामाची एवढी तत्परता मी त्या ठाण्यात त्याआधी पाहिली नव्हती.

धानोऱ्याच्या बाईनं कार्ड टेबलावर ठेवलं आणि वर पालथा पंजा ठेवला.

"साहेब, पाहाचंच असन तं बाई पाहीन. अना मी बाजूले बसीन. बाकी कोणी नाई."

"लेडीज स्टाफ बंदोबस्ताला गेलाय."

"मी बसतो इथीच," ती म्हणाली.

"संध्याकाळ होईल."

"होऊ द्या."

पंजा तिनं उचलला नाही. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, जणू मी तिला पढवून आणलं होतं. मी पढवलं असतं तर एवढं थोडक्यात झालं नसतं. मावशी मात्र हवालदारांना म्हणाली, "सरकवा गा खुर्च्या मागं. सिनेमा नाई लागला."

बाई पोलीस ऊन उतरायच्या सुमारास आली, धुळीनं भरलेली, दमलेली. प्रकरण कळताच तिनं आधी कॉम्प्युटरचा पडदा भिंतीकडे वळवला आणि बाकीच्यांना बाहेर काढलं. दिवसभरात एखाद्यानं न सांगता केलेली ती एकच बरी गोष्ट. आत दोघीच राहिल्या. मी बाहेर बाकावर.

धानोऱ्याची बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तक्रारीची प्रत होती. कार्ड पाकिटात घालून लाखेनं बंद केलं होतं, पाकिटाच्या जोडावर तिची सही.

"आहे," ती म्हणाली. "माहावाला आहे. अना लय बायाइचा आहे. एक तं लेकरू पाजून राह्यली होती." मग मला विचारलं, "त्याइले कोण सांगन?"

मालकाला जामीन लवकर मिळाला. न्हाणीवर आता गवताचं छप्पर आलं आहे, आणि जाहिरातीत 'संपूर्ण प्रायव्हसी' हे शब्द आले आहेत, निर्लज्जपणाला आमच्याकडे कधी टंचाई पडत नाही. त्या डॉक्टर-वकिलांच्या बायकांना कुणी कळवलं की नाही, हे मी विचारते तेव्हा 'तपास चालू आहे' असं ऐकते.

त्या दिवशी आम्ही ठाण्यातून एसटी स्टँडवर आलो. मी तिला हळूच म्हटलं की घरी लगेच सांगितलंच पाहिजे असं नाही, तुझं नाव कुठंही येणार नाही, हे मी पाहीन.

"दुसऱ्याच्या मोबाइलात पाहून त्याले समजाच्या आंधी माह्या तोंडून समजन," ती म्हणाली आणि नवऱ्याला फोन लावला. स्टँडच्या गर्दीत, उभ्या उभ्या, मोठ्या आवाजात, गोंडीत. मला त्यातले 'कॅमेरा' आणि 'पोलीस' एवढेच शब्द कळले. मग तिनं फोन कानाशी दाबला. मावशीनं माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. पलीकडून आवाज आला, तिनं दोन शब्दांत उत्तर दिलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणे वं?" मावशीनं विचारलं.

"म्हणे, तू जेवली का." तिनं डोळे पदरानं पुसले. "अना म्हणे, त्या मालकाचं गाव कोणतं?"

"मंग? सांगतलं का?"

"नाई. म्हटलं, घरी येऊन सांगतो. नाई तं आताच निघाचा कुऱ्हाड घेऊन."