रोवण्याचं गाणं कोणाचं

ऐंशीच्या दशकात मी वडश्याच्या शाळेत शिकवत होतो आणि हिवाळाभर एका नाटक मंडळीत पेटी वाजवत होतो. एका रविवारी दुपारी तालीम चालू असताना नागपूरहून एक गृहस्थ आले. गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचे ते प्रतिनिधी. तिकीट लावून सिनेमाची गाणी म्हटली तर परवानगी घ्यावी लागते, शुल्क भरावं लागतं, असं त्यांनी समजावून सांगितलं.

मंडळीचे मालक गोंधळले. "गाणं आमची बाई म्हणते, पेटी आमचा मास्तर वाजवते. मंग पैसे त्याहिले काऊन?"

"ज्यानं रचलं, त्याचं ते असतं," गृहस्थ शांतपणे म्हणाले.

मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. मी विचारलं, "चाल ठेवली आणि शब्द बदलले तर?"

"चालीचं शुल्क. आणि बदलायलाही परवानगी लागते."

माझ्या चौकशीला ते कंटाळले नाहीत, उलट खुर्ची पुढे ओढून बसले. नाटकात सिनेमाची चार गाणी होती, आणि एक धानाच्या रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं. ते आमची मुख्य नटी म्हणायची. त्याचं काय, असं मी विचारलं.

गृहस्थ तिच्याकडे वळले. "हे कोणी रचलं, बाई?"

"माही माय म्हणे. तिले कोणं शिकवलं, मी इचारलं नाई."

त्यांनी तिला ते म्हणायला लावलं. मग मला म्हणाले, "माझ्या फॉर्मात याला रकाना नाही. लिहून पाठवाल? ऑफिसात विचारतो."

मालकांनी दोन गाण्यांचे पैसे भरले, दोन काढून टाकली. पुढच्या रविवारी मी वही घेऊन नटीसमोर बसलो. एकदा लिहून झाल्यावर पडताळायला पुन्हा म्हणायला सांगितलं, तर कडव्यांचा क्रम बदलला. तिसऱ्यांदा एक नवीच ओळ आली. चिखलात वाकलेल्या बाईला आगगाडीची शिटी ऐकू येते, अशी.

"हीसुद्धा तुमच्या आईची?"

"नाई. मायनं आगगाडी कुठी पाह्यली? आत्ता म्हणता म्हणता मलेच सुचली."

"मग रचणारी म्हणून तुमचं नाव लिहू?"

तिनं बराच विचार केला. "एका ओळीचं लिहा. बाकीचं मायकडचं हाय म्हणा."

तसंच लिहून मी पाठवलं. महिनाभरानं उत्तर आलं: जुन्या गाण्याचा कर्ता ठाऊक नसल्यानं शुल्क नाही. खाली गृहस्थांनी स्वतःच्या अक्षरात विचारलं होतं, आगगाडीच्या ओळीनंतर काय येतं?

मी वही घेऊन पुन्हा नटीकडे गेलो. तोवर त्या एका ओळीच्या चार झाल्या होत्या.