खिडकीजवळची नळी

यादीवर खूण काम झाल्यावरच करायची, हे मी नव्या लोकांना शिकवायचे. स्वतः मात्र सकाळीच दहाही कामांपुढं खुणा करून मोकळी व्हायचे. माझ्याकडून चुका होत नसत, एवढाच माझा आधार.

मी परभणीत एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. एचआयव्हीची औषधं घेणाऱ्यांच्या रक्तात आजाराशी झुंजणाऱ्या एका जातीच्या पेशी किती उरल्यात, ते आम्ही मोजतो. रक्तात अँटिबॉडी घालायची. ती नेमक्या त्याच पेशींना चिकटते आणि तिला जोडलेला रंग यंत्रातल्या लेझरखाली चमकतो. पथ्य एकच. रंगाला उजेड सोसत नाही, नळ्या अंधारात ठेवायच्या.

त्या दिवशी जिंतूरकडच्या चारठाण्याहून एक बाई उशिरा आली. बाकीच्या नळ्या कपाटात गेल्या होत्या. बाटलीतली शेवटची अँटिबॉडी मी तिच्या रक्तात घातली, नळी खिडकीजवळच्या स्टँडवर ठेवली आणि फोन वाजला म्हणून वळले. परतले तेव्हा नळीवर ऊन आलं होतं. 'अंधारात ठेवल्या' यापुढं खूण कधीचीच झालेली.

यंत्राच्या पडद्यावर तिच्या पेशींचे ठिपके इतर ठिपक्यांत मिसळून गेले. आकडा देता येईना. नवी बाटली आठवड्यानं येणार होती, तोवर ते रक्त शिळं.

ती बाहेर बाकावर थांबली होती.

"पुढच्या आठवड्यात परत रक्त द्यावं लागेल."

"कामून म्याडम?"

"रक्त गोठलं तुमचं."

किती सहज बोलून गेले मी.

नवरा सोडला तर तिच्या घरात कुणालाच आजार ठाऊक नव्हता. "पोखर्णीला दर्शनाला जायलेय म्हनून सासूला सांगून निघाले," ती म्हणाली. "आठ दिसात परत निघाले तर म्हनंल, नरसिंहाकडं तुझं असं काय लय काम हाय गं?" स्वतःच्याच बोलण्यावर जराशी हसली. मग म्हणाली, "माफ करा, माझ्यापायी तुमाला दोनदा तरास."

"असू द्या," मी म्हणाले. म्हणजे मी तिला माफसुद्धा केलं.

आठवड्यानं ती आली ती साखरफुटाण्यांची पुडी घेऊन. "खरंच पोखर्णीला जाऊन आले. सासूशी बोललेलं निदान अर्धं तरी खरं होऊ द्या." प्रसाद माझ्या हातावर ठेवला.

या वेळी नळी मी कपाटात ठेवली, दार लावलं, मगच खूण केली. आकडा सहा महिन्यांपूर्वीच्या तपासणीपेक्षा चांगला आला. बाकावर आम्ही दोघीच होतो. सांगून टाकता आलं असतं.

"आता न्हाई ना गोठलं?" तिनं विचारलं.

"नाही. या वेळी चांगलं आहे तुमचं रक्त."

तिनं रिपोर्ट कपाळाला लावला आणि जिंतूरची बस धरायला गेली.

पुडी माझ्या खणात आहे. फेकवत नाही, तोंडात घालवत नाही.