पुढचं डावं चाक

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नुरिऊट्पाच्या आसपास ऐन हंगामात कुणाचं द्राक्षकाढणीचं यंत्र बंद पडलं की एकच नाव निघतं, लिंडन नोस्के. माणूस बोलायला अगदी कंजूष, पण हाताला यश. साठीला टेकलेला, उंच, खांद्यात जरा वाकलेला, बाराही महिने तीच विटकी निळी टोपी. आपलं काम बरं आणि आपण बरे, अशी वृत्ती. गेली चार वर्षं त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट बोलली जाते. लिंडन एकच नट तीनतीनदा तपासतो. बागायतदार वैतागतात. "अरे बाबा, त्या नटाला आता झोपू दे की!" लिंडन हसतो आणि पुन्हा पहिल्या नटापासून सुरू करतो. लोकांना वाटतं, वय झालं.

वयाचा काही संबंध नव्हता. ते समजायला रोली ऑब्स्ट समजायला हवा.

रोली शाळेची बस चालवायचा. आठवडाभर गावच्या पोरांना चाळीसच्या वेगानं नेऊन आणून तो इतका कावायचा की रविवारी त्याला कुठेतरी मोकाट सुटावंसं वाटे. तो, लिंडन आणि वेल्डिंगचं दुकान असलेला मर्व्ह कालेस्के हे तिघे शाळेपासूनचे. तिघांनी वर्गणी काढून एक जुनी पांढरी एक्सेल मोटार घेतली. ती एका म्हातारीच्या गोठ्यात सहा वर्षं पडून होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. गाडीबरोबर तीन अंडी फुकट मिळाली. साहजिकच गाडीचं नाव पडलं कोंबडी. आतलं सगळं उपसून मर्व्हनं, गाडी उलटलीच तर आतला माणूस चिरडू नये म्हणून, लोखंडी पिंजरा बसवला, लिंडननं इंजिन खोललं, आणि दर महिन्याला ट्रेलरवर घालून ते तिला विलोबी फ्लॅटच्या शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायला लागले. तिथं लोक चकाचक, लांब नाकाच्या गाड्या घेऊन यायचे. कोंबडीला बघून हसायचे. सरळ रस्त्यावर ते पुढे जात, पण वळण आलं की रोली त्यांना अस्सा आतून कापून जायचा, की मग जेवताना तेच लोक हळूच येऊन विचारायचे, "ब्रेक कुठले टाकलेत हो?"

रोली वेगाचा वेडा असला तरी बेफिकीर नव्हता. त्याचे कडक नियम होते. ट्रॅकवर पोचलं की चाकं बदलायची. पहिल्या फेऱ्या मारून गाडी आली की चाकं तापलेली असतात, नट सैल होऊ शकतात, म्हणून ते पुन्हा बघायचे. ज्यानं आवळले त्यानं तपासायचे नाहीत. आवळणार मर्व्ह, तपासणार लिंडन. टॉर्क पान्यानं नट हवा तेवढा घट्ट असला की पाना 'टक' वाजतो. चार चाकं, प्रत्येकी चार नट, सोळा टक. मग टपावर तळहाताच्या दोन थापा. आत पट्ट्यांनी जखडून बसलेल्या माणसाला चाकं दिसत नाहीत. तो त्या दोन थापांवर जातो. आणि मोजताना मध्ये कुणी बोललं, तर पुन्हा पहिल्या चाकापासून. हा शेवटचा नियम रोलीनंच घातला होता, कारण मर्व्हच्या तोंडाला कुलूप लावणं देवाच्याही हातात नव्हतं.

चार वर्षांपूर्वीचा, मे महिन्यातला तो रविवार होता, म्हणजे तिकडे हिवाळ्याच्या तोंडचा. थंड, कोरडा, छान. पहिल्या फेऱ्या झाल्या होत्या. लिंडन तीन चाकं करून पुढच्या डाव्या चाकाकडे वळला, तेवढ्यात शेगडीपाशी उभा असलेला मर्व्ह ओरडला, "लिंडन, तुझा सॉसेज जळतोय! कांदा घालू का?"

"घाल, भरपूर घाल!"

त्याच वेळी लाउडस्पीकरवर त्यांच्या गटाचं नाव पुकारलं. लिंडन सरळ झाला आणि त्यानं टपावर दोन थापा मारल्या. रोलीनं अंगठा दाखवला आणि गेला.

सॉसेजचा पहिला घास तोंडात होता तेव्हा लांबच्या वळणावर पुढचं डावं चाक निखळलं. गाडी बांधावर आदळून तीनदा उलटली. मर्व्हचा पिंजरा जागचा हलला नाही, पण रोलीची मान मोडली. लिंडन धावत सुटला. वाटेत गवतात त्याला ते चाक दिसलं, एकटंच आडवं पडलेलं, आणि त्याच क्षणी त्याला कळलं की आपण ते चाक केलंच नव्हतं. हेलिकॉप्टर येईपर्यंत रोली गेला होता.

पोलिसांनी विचारलं, "तपासलं होतं?" लिंडननं मान हलवली. फक्त मान हलवली, पण ती उभी हलवली. चौकशीचा निकाल असा आला की चाकाची नट बसायची भोकं झिजलेली होती. दोष चाकाचा की नटांचा, हे खात्रीनं सांगता येत नाही.

आता ही चाकं कुणी आणली होती? रोलीच्या बायकोनं, रॉझनं. रोलीच्या पन्नाशीला तिनं ती भंगारवाल्याकडून हुडकून आणली, आठवडाभर घासून चकचकीत केली आणि लाल फीत बांधून त्याच्यापुढे ठेवली. निकालानंतर लिंडन तिच्या स्वयंपाकघरात बसला होता. तिनं त्याच्यापुढे केकचा तुकडा ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "मीच आणली ना रे ती चाकं."

लिंडनच्या तोंडात केक होता. तो गिळायला त्याला फार वेळ लागला. "असं नको म्हणूस, रॉझ," एवढंच तो म्हणाला. खरं सांगायची ती वेळ होती आणि ती त्यानं केकबरोबर गिळली. त्यानंतर तो तिचं पडेल ते काम करायला लागला. छपराची पन्हळं साफ केली, हिवाळ्याची लाकडं फोडली, पाण्याचा पंप दोनदा बदलला. गाव म्हणालं, मित्र असावा तर असा. हे ऐकलं की लिंडनला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. प्रत्येक वेळी तो आज सांगायचंच असं ठरवून जाई आणि मूग गिळून परत येई.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. लिंडनच्या कानात टक बसली. किटलीचं बटण टक करून बंद होई, गाडीचा वळायचा दिवा टकटक करी, बँकेतली बाई पेनाचं टोक आतबाहेर करी, आणि लिंडन जिथं असेल तिथं मोजायला लागे. बारापर्यंत मोजायचा. तेरावी वाजली तरी त्याला ऐकू येत नसे. बायको ग्लेनिस विचारायची, "कुणाची वाट बघतोयस?" तो म्हणायचा, कुणाची नाही. आपल्या ट्रकच्या डाव्या सीटवर तो हत्यारांची पेटी ठेवत नसे. तिथं रोली बसायचा. कुणी बसायला आलं तर तो आधी सीट झटकल्यासारखं करून जरा थांबायचा, जणू कुणाला उतरायला वेळ देतोय. कधीकधी द्राक्षाच्या ओळीत यंत्राखाली आडवा पडलेला असताना वरून पत्र्यावर दोन थापा पडल्यासारखं त्याला वाटे. तो धडपडत बाहेर येई. बाहेर नुसता वारा.

गेल्या हिवाळ्यात रॉझला कॅन्सरनं गाठलं. शेवटच्या आठवड्यात लिंडन भेटायला गेला तेव्हा तिचा हात कागदासारखा झाला होता. ती म्हणाली, "किती घासली होती रे मी ती चाकं." खोलीत दोघंच होते. लिंडननं तोंड उघडलं आणि विचारलं, "पाणी देऊ का?" चार दिवसांनी त्यानं तिच्या शवपेटीला खांदा दिला.

आणि मग या वसंतात मर्व्हनं दुसरी कोंबडी उभी केली. तशीच पांढरी एक्सेल, पिंजरा नवा, ड्रायव्हरची सीट मात्र जुन्या गाडीतली. रोलीची. लिंडननं ती बघितली तेव्हा पाठीच्या जागी दबलेला खड्डा तसाच होता. तो दुकानाबाहेर येऊन उभा राहिला.

"टेगन चालवणार म्हणते," मर्व्ह म्हणाला. टेगन म्हणजे रोलीची मुलगी, अॅडलेडला नर्स. "विलोबी फ्लॅटलाच जायचं म्हणते. मी नाही म्हणून बघितलं. ऐकते कुठली! बापावर गेलीये कार्टी."

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला. "लिंडनकाका, चाकं तूच बघायचीस."

"माझा गुडघा हल्ली..."

"गुडघ्याचं आपण नंतर बघू, मी नर्स आहे. तू ये."

तो गेला. त्या दिवशी कुणी शेगडी आणली नव्हती. मर्व्हनं घरून डबाभर सँडविच आणली होती आणि तो डबा कुणी उघडलाही नाही. टेगननं पहिल्या फेऱ्या सावकाश मारल्या. गाडी परत आली, तापलेल्या ब्रेकचा वास सुटला. टेगन पट्टे न सोडता आत बसून राहिली. मर्व्ह दहा पावलं लांब जाऊन उभा राहिला, ओठ घट्ट मिटून. जन्मात पहिल्यांदा तो गप्प होता.

लिंडननं पाना घेतला. पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं. बारा. मग तो पुढच्या डाव्या चाकापाशी गुडघ्यावर बसला. पाना नटावर नीट बसेना. त्यानं दोन्ही हातांनी धरला. टक. टक. टक. टक. चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं तेरावी ऐकली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो उभा राहिला. हात टपावर उचलला, पण खाली येईना. ही पोर त्याच्या थापेवर जाणार होती. तिचा बाप गेला तसाच. आज नाही बोललो तर कधीच नाही, हे त्याला स्पष्ट दिसलं. तो खिडकीत वाकला.

"टेगन, त्या दिवशी हे चाक मी तपासलं नव्हतं."

टेगन समोर बघत होती. हेल्मेटमध्ये तिचे फक्त डोळे दिसत होते.

"माहितीये," ती म्हणाली.

लिंडनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"बाबानं काचेवर कॅमेरा लावला होता ना. बाबा गाडीत बसल्यापासून तो चालू होता. पोलिसांनी नंतर पिशवीत घालून परत दिला. जो तो शेवटचं वळणच बघतो. मला ते बघवेना, म्हणून मी त्याच्या आधीचंच ऐकत बसायचे. बाबा गुणगुणतोय. बारा टक. मग मर्व्हकाकाचा कांदा. मग तुझ्या दोन थापा." ती थांबली. "शंभर वेळा मोजलंय मी, काका. बाराच आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगायला हवं होतंस. दर नाताळला तू यायचास, मला वाटायचं आज सांगेल. पंप बसवून जायचास."

पुढच्या गाड्या सरकायला लागल्या होत्या. रांगेच्या टोकाला झेंडेवाला हात हलवत होता. लिंडननं कसंबसं विचारलं, "रॉझला... तिला हे..."

"आईला मी ऐकवलं होतं."

लिंडननं खिडकीची कड धरली.

"पहिल्याच वर्षी. म्हटलं, आई, चाकं तुझी होती म्हणून नाही झालं, हे ऐक, मोज. तिनं मोजलंच नाही. भडकली माझ्यावर. म्हणाली, 'लिंडननं ते चाक बघितलं नसतं, तर त्यानं मला येऊन सांगितलं असतं. एवढं ओळखते मी त्याला.' परत कधी विषय काढू दिला नाही." टेगननं हेल्मेटची काच खाली ओढली. आतून तिचा आवाज दबका आला. "थाप मार, काका. मागे लोक खोळंबलेत."

लिंडननं थाप मारली. एक, आणि मग दुसरी. कोंबडी निघाली, रांगेत वळली, ट्रॅकवर गेली.

मर्व्ह लगबगीनं आला. "काय बोलत होतात एवढं? गाडीत काही कमी आहे का?"

लिंडन गाडी उभी होती तिथंच, तेलाच्या डागाशेजारी खाली बसला होता. लांबच्या वळणाकडून इंजिनाचा आवाज येत होता. तो तिकडे बघत नव्हता.

"रॉझचा माझ्यावर विश्वास होता रे," तो म्हणाला.

मर्व्हला काहीच माहीत नव्हतं. तो शेजारी उकिडवा बसला आणि त्यानं मित्राच्या वाकलेल्या पाठीवर हात ठेवला.

"अरे वेड्या," तो म्हणाला, "सगळ्यांचाच आहे."