ओल्या डांबरावरून
कुठे डांबर वितळवत असले, की त्या वासानं अजून माझा जीव घाबरा होतो. ऐंशीच्या दशकात विक्रोळीजवळ हायवे रुंद करत होते. शेजाऱ्यांची फियाट मी चालवत होतो, मागे बाबा दम्यानं धापा टाकत होते आणि पुढचे ट्रक हलत नव्हते. डांबराच्या धुरानं बाबांचे ओठ निळे पडायला लागले. मी उतरून ओरडलो, "अहो, कुणीतरी वाट द्या ना!" खडी पसरणाऱ्या एका बाईनं गाडीत डोकावून पाहिलं आणि आडवी लावलेली पिंपं बाजूला ढकलली. "घाल हितनं!" नुकत्याच घातलेल्या डांबरावरून मी गाडी काढली. घाटकोपरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर, श्वास मोकळा होताच बाबा म्हणाले, "तिचं सगळं काम खराब झालं रे." तिला मुकादमानं काय ऐकवलं असेल, हे आजही मनात येतं.