वहिनीला कुणी विचारलंच नाही

शिलाईच्या कारखान्यात सगळे तिला ठिणगी म्हणत. काज-बटणाच्या मशीनवर बसायची, तेवीस वर्षांची, मालकालाही तोंडावर सुनावणारी. कोरोनाच्या लसीचा विषय निघाला की मात्र ती मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसे.

घरात वहिनी नर्स. ती दिवसभर लोकांना लस टोचायची आणि घरी येऊन नणंदेपुढे हात टेकायची.

"मी धडधाकट आहे, मला काय धाड भरलीय?" ठिणगी म्हणे.

बाबांना तेवढंच हवं होतं. "ती घेईल तेव्हा मीही घेईन," म्हणून तेही मोकळे.

खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी वहिनीने लस घेतली आणि त्याच सुमारास तिच्या पोटातलं बाळ गेलं. घरात कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही. त्यात कारखान्यातल्या मैत्रिणी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर आलेलं वाचून दाखवायच्या, लस घेतली की मूल होत नाही म्हणून. ठिणगीचं लग्न ठरलं होतं. तिने मनातल्या मनात सगळी सांगड घातली.

मग कारखान्यात साथ शिरली. ठिणगी चार दिवस खोकली आणि उठली. तिच्याकडून लागण झालेल्या बाबांना मात्र ऑक्सिजनवर ठेवावं लागलं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर वहिनी न राहवून म्हणाली, "एकदा तरी माझं ऐकायचं होतंस गं."

"कसं ऐकू? तुझं बाळ त्या लसीनेच गेलं ना?"

वहिनी तिच्याकडे वळली. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मलाच वाटलं."

"अगं, बाळ आधीच गेलं होतं. सोनोग्राफीत ठोकेच लागले नाहीत. लस मी त्यानंतर घेतली."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही. सगळे मला जपत होतात."

दोघी बराच वेळ रडल्या. आजारानंतर थांबायची मुदत संपली त्याच आठवड्यात वहिनीने रांगेत उभ्या असलेल्या ठिणगीला लस टोचली.

बाबा घरी आले, पण पूर्वीचे राहिले नाहीत. अंघोळ करून आले तरी त्यांना धाप लागते. लेकीला ते एका शब्दाने बोलले नाहीत.

"ओरडले असते तर बरं झालं असतं," ठिणगी एकदा वहिनीला म्हणाली.

वहिनीने नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला.