शून्य आलेले बोल्ट

"मॅडम, चार बोल्ट कमी करतो. रिपोर्टात शून्य हाय."

अण्णांनी रिपोर्ट माझ्यापुढे टाकला आणि खुर्चीत रेलले. केडगावला त्यांचं ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे, डिझाइन मी बघते. हा रिपोर्ट मात्र पुण्याच्या कन्सल्टंटचा. रंगीत होता, त्यामुळे अण्णांचा त्याच्यावर जास्त विश्वास.

ट्रॅक्टर ज्या दांड्याने ट्रॉली ओढतो, तो आठ बोल्टांनी चॅसीला, म्हणजे ट्रॉलीच्या खालच्या सांगाड्याला, बसवलेला असतो. रिपोर्टात आठही बोल्टांवर फोर्स शून्य.

"मग चारच का, आठही काढा की," मी म्हणाले.

"आसं कसं? शोभेला तरी चार पायजेत."

माझं डोकंच फिरलं. या ट्रॉल्यांतून नुसता ऊस जात नाही. पाथर्डीची ऊसतोड कुटुंबं पोराबाळांसकट, भांड्याकुंड्यांसकट त्यातच बसून साखर कारखान्यावर जातात. घाटात दांडा निखळला तर काय होईल, हे सांगायला कॉम्प्युटर लागत नाही.

कॉम्प्युटरवर आम्ही वस्तूचे बारीक तुकडे पाडतो. ते जिथे जुळतात तो नोड. दांडा आणि बोल्टांचे नोड 'रिजिड'ने जोडतात, म्हणजे कधीच न वाकणारी, न ताणली जाणारी कल्पनेतली काडी. तिच्यातला फोर्स सॉफ्टवेअर आपणहून देत नाही, मागावा लागतो. मागितला की प्रत्येक नोडवर दोन आकडे मिळतात: काडी किती ओढते आणि चॅसीचा पत्रा किती धरून ठेवतो. दोन्ही सारखेच, पण उलट दिशेचे. पुण्याच्या पठ्ठ्याने नेमकी त्यांची बेरीज छापली होती.

त्याला फोन लावला. "मॅडम, बेरीज बरोबरच आहे," तो म्हणाला.

"आहे हो. पण मागितली कुणी होती?"

अण्णांना हे पटेना. शेवटी मी म्हणाले, "तुम्ही खुर्चीला खाली दाबताय, खुर्ची तुम्हाला वर दाबतेय. बेरीज किती?"

"शून्य."

"मग कापू का खुर्चीचे दोन पाय?"

अण्णा ताडकन उठले. "आन् खरं वझं किती हाय मग?"

मी त्या कन्सल्टंटकडून कॉम्प्युटरवरचं मॉडेल मागवून घेतलं आणि फक्त काडीकडचे आकडे वेगळे काढले. वरचे दोन बोल्ट जवळजवळ सगळा भार ओढत होते, बाकीचे हजेरीला. आमच्या ऑफिससारखंच. तरी वरचा एखादा तुटला तर आधार हवा म्हणून आठही बोल्ट ठेवले, वरचे दोन जाड केले, पत्र्याची जाडीही वाढवली.

त्या सीझनला ट्रॉली पाथर्डीहून भरून गेली आणि सगळ्यांना घेऊन परत आली.

शून्य आलं की बेरीज कशाकशाची केली ते आधी विचारावं. अण्णांनी हे फारच मनावर घेतलंय. आता रिपोर्टात शून्य दिसलं, की ते आधी खुर्चीवरून उठतात आणि मग मला फोन करतात.